गाडी मागे घेताना घासली: विम्याचा दावा करावा की स्वतः खर्च करावा?

पणजीतील मळ्याच्या अरुंद गल्ल्या, शुक्रवारच्या बाजारादिवशीचे म्हापसा किंवा गावातील दोन चिरेबंदी गडग्यांमधून जाणारी वाट, अशा ठिकाणी गाडी मागे घेताना बंपर घासणे किंवा दाराला पोचा पडणे नित्याचे आहे. नुकसान लहान असते. परंतु विमा कंपनीकडे दावा करण्याच्या निर्णयाचा परिणाम पुढील अनेक वर्षांच्या हप्त्यांवर होतो. म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी काही बाबी समजून घेणे हिताचे ठरते.

विमा कोणता आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाचा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. केवळ तेवढाच विमा असल्यास स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा किंवा स्वतंत्र 'ओन डॅमेज' विमा असावा लागतो. असा विमा असेल तर चूक स्वतःची असली तरी भरपाई मिळते.

दुसऱ्याची गाडी, दुकानाची पायरी किंवा शेजाऱ्याची भिंत यांचे नुकसान थर्ड पार्टी विम्यात येते. खासगी मोटारीसाठी मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारणतः साडेसात लाख रुपये असते. हप्त्यात सवलत घेऊन ती ६,००० रुपयांवर आणलेली असू शकते, हे पॉलिसीत तपासावे. स्वतःच्याच घराचे फाटक किंवा कुंपण मोडले, तर ती मालमत्ता 'त्रयस्थाची' नसल्याने त्याची भरपाई मिळत नाही.

भरपाईतून काय वजा होते?

पहिली वजावट अनिवार्य असते. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारींसाठी प्रत्येक दाव्यामागे १,००० रुपये आणि त्यापुढील इंजिन असल्यास २,००० रुपये मालकाने सोसावयाचे असतात. हप्ता कमी करण्यासाठी स्वेच्छेने जादा वजावट स्वीकारली असेल, तर तीही यात मिळविली जाते.

दुसरी वजावट घसाऱ्याची. प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, तर काचेवर शून्य घसारा लागतो. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयानुसार वाढत जातो. रंगकामात केवळ रंगाच्या किमतीवर ५० टक्के घसारा धरतात. बिलात ती वेगळी दाखविलेली नसल्यास एकूण रंगकामाच्या २५ टक्के मानली जाते. 'झिरो डेप' हे जोड संरक्षण घेतले असल्यास भागांवरील घसारा टळतो. अनिवार्य वजावट मात्र कायम राहते.

नो क्लेम बोनसचा हिशेब

दावा न केल्यास 'ओन डॅमेज' हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सवलत मिळते. एकच दावा केला तरी नूतनीकरणाच्या वेळी ती शून्यावर येते. बोनस संरक्षणाचे जोड कवच असल्यास त्याच्या अटींनुसार ती टिकू शकते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. गाडी १,२०० सीसीची, कर व सवलत वगळून 'ओन डॅमेज' हप्ता १०,००० रुपये आणि सध्याचा बोनस ३५ टक्के. बंपर ६,०००, रंगकाम ४,००० आणि मजुरी १,५०० असे ११,५०० रुपयांचे बिल झाले. बंपरचे ३,००० आणि रंगाचे ५०० रुपये घसाऱ्यात गेले, १,००० रुपये अनिवार्य वजावटीत गेले. कंपनीकडून हाती आले ७,००० रुपये.

आता दुसरी बाजू. मूळ हप्ता स्थिर धरला, तर दावा न केल्यास पुढील पाच वर्षांचे हप्ते ५,५०० आणि नंतर चार वेळा ५,००० रुपये होतील. दावा केल्यास ते १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० रुपये होतील. फरक १२,००० रुपयांचा. म्हणजे ७,००० मिळविण्यासाठी १२,००० गेले. 'झिरो डेप' असते तरी १०,५०० रुपयेच मिळाले असते. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता घटतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक काहीसा कमी भरेल. तरीही गॅरेजचा अंदाज आणि बोनसचे नुकसान शेजारी मांडून पाहिल्याशिवाय दावा करू नये. मागचा दरवाजा, दिवे आणि सेन्सर असे अनेक भाग एकाच वेळी बाद झाले असतील, तर मात्र दावा करणेच योग्य.

दावा करताना

- गाडी हलविण्यापूर्वी नंबरप्लेटसह छायाचित्रे घ्यावीत.
- कंपनीला विनाविलंब कळवावे. पाहणी होण्यापूर्वी दुरुस्ती करू नये.
- नोंदणी प्रमाणपत्र, वाहन परवाना आणि पॉलिसी तयार ठेवावी.
- जुने ओरखडे नव्या घटनेत घालू नयेत. दोन वेगळ्या घटनांचे दोन दावे होतात आणि वजावटही दोनदा होते. खोटी माहिती दिल्यास संपूर्ण दावा फेटाळला जाऊ शकतो.
- मद्यपान करून किंवा परवान्याविना गाडी चालविली असल्यास, अथवा खासगी गाडी भाड्याने दिली असल्यास भरपाई नाकारली जाते.

माणूस जखमी झाल्यास

मागे कोणी उभे असेल, विशेषतः लहान मूल, तर हा हिशेब बाजूला राहतो. कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, कळविणे चालकावर बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही कळवावे लागते. घटनास्थळी परस्पर पैसे देऊन प्रकरण मिटविल्याने ही जबाबदारी संपत नाही.

दावा नाकारला तर

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा 'बिमा भरोसा' संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे लक्षात ठेवावे.