खोडवा

"मॅडम, पोरीचा फॉर्म यंदा भरायचा, का खोडवा ठेवायचा?"

2018 च्या जानेवारीत इंदापूर तालुक्यातल्या एका बापानं मला हे विचारलं. ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यातून जे पीक पुन्हा धरतात, तो खोडवा. बारावीनंतर नीट, म्हणजे मेडिकलची देशभरची प्रवेश परीक्षा, पुन्हा देणाऱ्या मुलाला क्लासवाले रिपीटर म्हणतात. नीरा डाव्या कालव्यावरच्या त्या माणसानं आपल्या शेतातला शब्द वापरला. बारामतीत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, पण मेडिकलला अर्ज कधी करावा हा प्रश्न इतका नेमका मला कुणी विचारला नव्हता.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. मी सणसरची. आमच्या भागात 1962 साली बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालं आणि विज्ञान शिकायला पुणं गाठायची सक्ती संपली. तेव्हा इंटर सायन्सच्या गुणांवर मेडिकल ठरायचं. 1977 ला बारावीची पहिली परीक्षा झाली आणि इंटरची जागा बारावीनं घेतली. दोन्ही काळांत क्रम एकच होता: आधी निकाल, मग अर्ज. जूनमध्ये गुणपत्रिका हातात पडायची, मोठी माणसं पुण्याच्या बी. जे. मेडिकलची यादी कितीला थांबली याची चौकशी करायची आणि तिथंच सगळं कळायचं.

1981 साली माझे गुण थोडक्यात कमी पडले. पुन्हा बसते, असं मी वडिलांना म्हणाले. "पोरीचं वर्ष वाया घालवायचं नाही," एवढंच ते बोलले. मी बी.एस्सी. केलं. वडिलांवर राग नाही. पण एक वर्ष थांबण्याची मुभा ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

पुढं विसाव्या शतकाच्या अखेरीस राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, आली. दोनशे गुण, त्यांतले शंभर जीवशास्त्राचे, चुकीच्या उत्तराला गुण कापणं नाही. अभ्यास बारावीचा. त्यामुळं आमच्याकडं अकरावी हे विसाव्याचं वर्ष झालं. दहावीचा ताण संपलेला, बारावीचा सुरू व्हायचा. आम्ही शिक्षकांनीही ते चालवून घेतलं, ही चूक मी मान्य करते.

2013 साली देशभर नीट झाली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली आणि सीईटी परतली. मग 2016 उजाडलं. 28 एप्रिलला न्यायालयानं सांगितलं, प्रवेश नीटवरच. राज्याची सीईटी आठवड्यावर, 5 मेला होती. पोरं एसटीनं येऊन माझ्या ओट्यावर बसायची आणि विचारायची, कोणतं पुस्तक उघडू? 24 मेला केंद्राचा अध्यादेश निघाला, राज्याच्या जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवर राहिल्या, पोरांचा जीव भांड्यात पडला. 2017 पासून मात्र नीटच. मराठीतून पेपर देण्याची सोय झाली, पण 720 गुणांत अकरावीचा वाटा बारावीइतकाच, आणि चुकीला एक गुण वजा.

खोडव्याची प्रथा इथं रुजली ती यामुळं. ज्यांची अकरावी कच्ची गेली होती, त्यांना ती भरून काढायला एक वर्ष लागत होतं. शिवाय क्रमही उलटला होता. नीटचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. म्हणजे पीक हाती येण्याआधीच बापाला ठरवावं लागतं.

2019 ला बारामतीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. आज त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. दारात कॉलेज आल्यानं घराघरात धीर आला. पण जागा गुणवत्तेनंच मिळते, गावकीनं नाही.

2018 च्या त्या जानेवारीत मी बापाला सांगितलं: फॉर्म यंदाच भरा. 31 डिसेंबरपर्यंत पोरीला सतरा पूर्ण होतायत, वयाची अट पुरी होते, मग परीक्षेच्या हॉलची ओळख तरी होऊ द्या. खोडव्याचं निकालानंतर पाहू.

जूनमध्ये तो पोरीला घेऊन आला. गुण पुरेसे नव्हते. आम्ही तिघं उत्तरं घेऊन बसलो. जीवशास्त्र चांगलं होतं. पदार्थविज्ञानात गुण गेले होते, आणि तेही बहुतेक अकरावीच्या धड्यांत. मी त्याला विचारलं, "खोडवा ठेवताना बुडखे कुठून छाटता?"

"जमिनीलगत. वर ठेवले तर फुटवा कमजोर येतो."

"मग हिनं अकरावीच्या पहिल्या धड्यापासून सुरू करायचं. बारावीची नुसती उजळणी नको. तेवढी तयारी असेल तर वर्ष द्या."

त्यानं पोरीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. "दिलं वर्ष," तो म्हणाला.

ती पुढं डॉक्टर झाली की नाही, हे मी मुद्दाम इथं लिहीत नाही. मला ते दोन शब्द नोंदवून ठेवायचे होते. सणसरच्या आमच्या घरात 1981 साली ते कुणी उच्चारले नव्हते.