घराचा पत्ता हरवतो तेव्हा

आमच्यातल्या एका सरांचे घर शहापूरला आणि शाळा मुरबाड तालुक्यात. घरी त्यांच्याकडे दोनेकशे ध्वनिफिती होत्या. त्यांत रेडिओवरून उतरवून घेतलेले अभंग होते, हरिनाम सप्ताहातली भजने होती आणि गावच्या लग्नांत बायकांनी म्हटलेले धवळेही होते. फिती चिकटू लागल्या, तेव्हा आम्ही त्या संगणकावर उतरवल्या. मग साहजिकच वाटले, की ही गाणी वर्गातही ऐकवता यावीत. घरी संगणक चालू, तेथे इंटरनेटची जोडणी, शाळेतही जोडणी. तरीही शाळेतून घरचा संगणक काही केल्या सापडेना. चूक शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो.

दूरचे संगीत ऐकण्याची हौस जुनीच आहे. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहातले गाणे टेलिफोनच्या तारांवरून लोकांना ऐकवले. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले. त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॉटचा आणि चांगले ऐकू येण्याचा पल्ला सुमारे ४८ किलोमीटर. शहापूरजवळचे आसनगाव स्थानक मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. म्हणजे शहापूर आणि मुरबाड त्या पल्ल्याबाहेरच राहिले. या दोन्ही साधनांत एक गोष्ट समान होती. केंद्राने बोलायचे आणि घराने ऐकायचे.

इंटरनेटची मूळ कल्पना याहून वेगळी होती. १९८१ मध्ये त्याचे जे नियम ठरले, त्यांनुसार जोडलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक, म्हणजे पत्ता, असे. पत्ता असला की यंत्र मागूही शकते आणि देऊही शकते. केंद्र आणि घर असा भेद त्या नियमांत नव्हता.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. पुढचा हिशेब वर्गात मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. सीडीवरच्या संगीतात दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि असे दोन प्रवाह. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. या वेगाने एक मिनिटाचे गाणे यायला २ तास २७ मिनिटे लागतील! मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला जाणवत नाही. असे न जाणवणारे भाग गाळण्याची युक्ती जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी बसवली. तिला एमपी३ हे नाव जुलै १९९५ मध्ये मिळाले. सेकंदाला १,२८,००० बिट घेतले, तर तेच मिनिट १३ मिनिटे २० सेकंदांत येते. पुढे तारांचा वेगही वाढला आणि हा प्रश्न सुटला.

दुसरा प्रश्न मात्र अवघड होत गेला. १९८१ चा पत्ता ३२ बिटांचा होता. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. जगाला एवढे पत्ते पुरणार नाहीत, हे लवकरच ध्यानात आले. १९९४ मध्ये एक तात्पुरता तोडगा सुचवला गेला. तो समजायला शाळेचे कार्यालय आठवावे. शाळेत दूरध्वनी एकच आणि शिक्षक वीस. कोणी बाहेर फोन लावला, की लिपिक नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ते त्याच शिक्षकाकडे पोहोचवतो. पण बाहेरून आपणहून फोन आला, तर तो कोणाला द्यायचा? आधी सांगून ठेवले नसेल, तर लिपिक फोन ठेवून देतो. घरातली इंटरनेटची पेटी या लिपिकाचेच काम करते.

फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले. मग कंपन्यांनी अनेक घरे मिळून एकच पत्ता द्यायला सुरुवात केली. आता लिपिक आपल्या घरात नसून कंपनीच्या कार्यालयात बसला. त्याला सूचना द्यायची सोय आपल्याकडे उरली नाही. आमची अडचण नेमकी हीच होती. संगणक घरी होता, पण बाहेरच्या जगात त्या घराला पत्ताच नव्हता.

दरम्यान संगीत कंपन्यांच्या कोठारांकडे गेले. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेतील एमपी३.कॉमने एक सेवा सुरू केली. आपल्याकडे सीडी असल्याचे दाखवले, की तीच गाणी कोठूनही ऐकता येत. पण ग्राहकाच्या सीडीवरून नव्हे, तर कंपनीने स्वतः केलेल्या प्रतींवरून. त्याच वर्षी न्यायालयाने तो स्वामित्वहक्काचा भंग ठरवला. पुढे परवाने घेऊन अशी कोठारे उभी राहिली आणि ती सोयीचीही आहेत. पण शहापूरच्या मांडवातले धवळे त्यांत कोठून असणार? ज्याचे गाणे बाजारात नाही, त्याच्या घराला पत्ता हवाच.

वाट आहे. घरच्या संगणकानेच आधी बाहेर एखाद्या मध्यस्थाला फोन लावून तो चालू ठेवायचा. शाळेनेही त्याच मध्यस्थाकडे जायचे. आम्ही तसेच केले आणि वर्गात धवळे ऐकू आले. मुळातला उपाय १२८ बिटांच्या नव्या पत्त्याचा आहे. त्याचे नियम डिसेंबर १९९५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्यात मिळणारे पत्ते मोजायला ३९ अंकी संख्या लागते. आता हे पत्ते भारतातही मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. मात्र दोन्ही टोकांना ते असावे लागतात, आणि दार किती उघडायचे हेही आपणच ठरवावे लागते.

घरातले गाणे किती मोलाचे असते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी अनेकींचे ध्वनिमुद्रण केले. आज त्यांतल्या कित्येक इंटरनेटवर ऐकता येतात. त्या कोणत्याही बाजाराच्या कोठारातून आलेल्या नाहीत.

आपल्या शाळेतल्या संगणकाचा पत्ता मुलांना पाहायला सांगावा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तो शाळेपुरताच आहे. तोच पत्ता शेजारच्या शाळेतही सापडेल. असे का, हे आता मुलांनाच सांगू द्यावे.