खंडेनवमीची सायकल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी कायमची स्थिरावली. शिंद्यांच्या मागोमाग या मुलखात आलेल्या मराठी कुटुंबांनी जे कुळाचार जपले, त्यांत खंडेनवमीची शस्त्रपूजा ही एक होय. तलवारी-भाले आता कोणाच्या घरी असणार? दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी पाटावर विळी, कात्री, हातोडी व पाना मांडतात, आणि सायकल काही पाटावर मावत नाही म्हणून ती अंगणात उभी करून तिला झेंडूची माळ घालतात. माळेआधी स्नान असते; आणि सांगावयास संकोच वाटतो, पण हे स्नानच तिच्या दुखण्याचे मूळ ठरते.

चाकाच्या हबवर बादलीभर पाणी उपडे केले की ते आतल्या छऱ्यांपर्यंत झिरपते, वंगण नासविते, आणि दिवाळीच्या सुमारास चाक कुरकुरू लागते. आमच्या कोपऱ्यावरच्या वृद्ध कारागिराने एकदा माझ्या सायकलीचा हब उघडून गंजलेले छरे तळहातावर घेऊन दाखविले. पूजा अवश्य करा, पण हिला न्हाऊ घालू नका, असे तो हसत हसत आपल्या हिंदीत म्हणाला. मी वरमलो. ज्या वस्तूस आपण हात जोडतो तिच्या पोटात काय आहे हे आपणांस ठाऊक नसावे, ही गोष्ट मनास लागून राहिली. आपल्या लोकांची यंत्राच्या अंतरंगाशी ओळख केव्हा व कोठे झाली, याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागलो. तो धागा बेळगावास जाऊन पोहोचतो.

गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण काही रंग त्यांच्या दृष्टीस नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आले. रंग सुटले, रेषा राहिली. यंत्रांच्या आकृत्या काढण्यात ते निष्णात झाले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवू लागले. त्या शहरात त्यांनी सायकल पाहिली व तिने त्यांचे मन वेधून घेतले. पुढे मुंबईत सायकली घेऊन ते बेळगावास आपले बंधू रामुअण्णा यांच्याकडे पाठवीत. रामुअण्णा त्या विकीत, दुरुस्त करीत, आणि गिऱ्हाइकास बसावयास शिकवीतही. त्या शिकवणीची फी पंधरा रुपये होती असे सांगतात. किर्लोस्कर ब्रदर्स ही पेढी आपला जन्म या दुकानापासून, म्हणजे १८८८ सालापासून मानते.

पंधरा रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. पण शिकवणी तशीच कठीण होती. फ्रीव्हील त्या वेळी रूढ झालेले नव्हते. चाक फिरेल तोवर पायडलही फिरणार, आणि उतारावर पाय सांभाळताना नवशिक्याची त्रेधा उडणार. यंत्रही अगदी कोवळ्या वयाचे. हान्स रेनॉल्डची रोलर-साखळी १८८० ची, मागचे चाक साखळीने फिरविणारी स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल १८८५ ची, आणि डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते नेमके १८८८ साली. सुटा भाग हवा तर विलायतेच्या आगबोटीची वाट पाहावी लागे. अशा काळी दुरुस्ती करणाराचा भरवसा एका कानशीवर आणि स्वतःच्या तर्कावर.

हा तर्क आजही सायकलच उत्तम शिकविते, कारण तिचे बहुतेक अवयव उघडे असतात. चालताना टक्-टक् आवाज येतो ना? मग ठोके मोजावेत. पायडलाच्या एका फेऱ्यास एक ठोका पडत असेल तर क्रँक व धुरी यांस जोडणारी कॉटर नावाची पाचर सैल झालेली असण्याचा संभव फार. चाकाच्या फेऱ्याबरोबर पडत असेल तर दोष चाकात. चाक धरून आडवे हलवून पाहावे. खेळ असेल तर छऱ्यांना दाबून धरणारा ‘कोन’ सैल आहे. पण तो फाजील आवळला तर चाक जड होते आणि छरे झिजतात. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे न जाणता जोर लावणाऱ्यांनी किती क्रँक नासविले असतील, देव जाणे!

साखळीची गोष्ट सर्वांत गमतीची. ‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातील खिळा व त्याचे वेष्टण झिजते, आणि शंभराहून अधिक सांध्यांची ती कणभर झीज मिळून साखळी लांबते. एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा इंच, म्हणून नव्या साखळीचे चोवीस सांधे बरोबर एक फूट भरतात. त्यात एक सूत वाढ दिसली की साखळी बदलावी. नाहीतर ती दातेरी चक्राचे दातही खाते आणि चार पैशांची काटकसर चाळीसांस पडते.

किर्लोस्कर सायकलीवर थांबले नाहीत. कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती त्या वेळी शेतकऱ्यांत होती. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल येथे जमीन दिली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा इतिहास सर्वश्रुत आहे. पण विकलेली वस्तू मोडून पुन्हा दारी येते आणि ती आपल्यालाच उघडावी लागते, हा धडा त्या बंधूंस सायकलीच्या दुकानातच मिळाला असावा असे मला वाटते. कारखानदारीच्या गौरवपर लेखांतून त्या दुकानास एक ओळ मिळते. ती मला फार थोडी वाटते.

आमच्या ग्वाल्हेरपासून जवळच, भिंडच्या वाटेवर मालनपूर येथे अ‍ॅटलस सायकलींचा कारखाना होता. तो २०१४ साली बंद पडला. त्याच कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला, आणि तो दिवस जागतिक सायकल दिन होता! कोपऱ्यावरच्या कारागिराचा मुलगाही या धंद्यात आला नाही. म्हातारा मात्र अजून बसतो.

गेल्या खंडेनवमीस मी बादली आत ठेवली. ओलसर फडक्याने सायकल पुसली, साखळीवर फूटपट्टी धरली, ती सुताहून अधिक भरली. म्हाताऱ्याकडून नवी साखळी बसवून घेतली, सांध्यासांध्यास तेलाचा एकेक थेंब दिला, आणि मग हळदकुंकू वाहिले. तेही साखळीवर नव्हे, हँडलवर.