मोबाइलच्या ठेक्यात सम चुकते कशी?

हिंजवडी हे आयटीचे गाव म्हणून सर्वपरिचित असले, तरी महसुली नकाशावर ते मुळशी तालुक्यात मोडते. तेथील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये संगणकतज्ज्ञांची वाण नाही आणि पुणे परिसरात गाण्याचा रियाज करणाऱ्यांचीही नाही. या दोन जगांना जोडणारी वस्तू म्हणजे तबल्याचा ठेका देणारे मोबाइल अॅप.

रोजच्या रियाजाला तबलजी मिळणे दुरापास्त. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांच्या 'रेडेल'ने १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, पुढे तालयंत्रेही आली. २००८ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडची अॅप-दालने उघडली, तेव्हा हे सारे खिशात मावू लागले. प्रसाद उपासनी यांचे 'आयतबला प्रो' हे त्यातील एक प्रसिद्ध नाव. मात्र तालयंत्राला एकच काम असते. मोबाइलला एकाच वेळी फोन, संदेश, पडदा असे सारे सांभाळावे लागते.

नवखा प्रोग्रॅमर फोनच्या टायमरवर विसंबतो. 'दर अर्ध्या सेकंदाने एक बोल वाजव' अशी आज्ञा दिली, की काम झाले असे त्याला वाटते. टायमर मात्र फोनला सवड मिळेल तेव्हाच जागा होतो. कधी दोन, तर कधी तीस मिलिसेकंद उशिरा. बोल असमान पडतात आणि लय डळमळते. त्यातच लेहरा ध्वनिमुद्रित असेल, तर घोटाळा वाढतो. लेहरा स्वतःच्या गतीने चालतो, ठेका मागे रेंगाळतो. दर मात्रेला पाच मिलिसेकंदांचा उशीर साठत गेला, तर तीनतालाच्या १६ मात्रांत ८० मिलिसेकंदांचे अंतर पडते. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत चौपटीचा एक बोल अवघा ६२.५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे पहिल्याच आवर्तनानंतर दोघांची सम निराळी! गायकाने कोणाचे ऐकावे?

यावर उपाय म्हणजे घड्याळ सोडून ध्वनीचे नमुने मोजणे. डिजिटल ध्वनीत सेकंदाला बहुधा ४४,१०० नमुने असतात. मिनिटाला १२० मात्रा असतील, तर एका मात्रेचे नेमके २२,०५० नमुने होतात. त्या स्थानी बोल आधीच लिहून ठेवला, की टायमर उशिरा उठला तरी बिघडत नाही. १३० मात्रांना मात्र हिशेब २०,३५३.८५ असा अपूर्णांकात येतो. तो अपूर्णांक दर वेळी टाकून दिला, तर दहा मिनिटांत सुमारे २५ मिलिसेकंदांची चूक साचते. म्हणून प्रत्येक मात्रेचे स्थान आरंभापासून मोजावे आणि ठेका व लेहरा एकाच मोजणीवर चालवावेत.

काही फोन सेकंदाला ४८,००० नमुने वाजवतात. रूपांतर न करता ४४,१०० चे मुद्रण तसेच वाजवले, तर लय जवळपास नऊ टक्क्यांनी वाढते आणि काळी एकचा सूर थेट पांढरी दोन व काळी दोन यांच्या मध्ये जाऊन बसतो.

ब्लूटूथ हेडफोनचा दोष याहून वेगळा. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, पण बव्हंशी सारखाच उशिरा. केवळ ठेका ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही. पडद्यावर बोटांनी तबला वाजवू पाहणाऱ्याला मात्र तो असह्य होतो. अशा उपयोगासाठी अँड्रॉइडने २०१७ च्या ८.० आवृत्तीत 'एऑडिओ' ही जलद ध्वनिव्यवस्था दिली.

अॅप पारखण्याची रीत सोपी आहे. मिनिटाला १२० मात्रांचा तीनताल लावून दुसऱ्या यंत्रावर त्याचे मुद्रण करावे. पहिल्या समेपासून ७५ आवर्तनांनंतरची सम बरोबर ६०० सेकंदांवर यायला हवी. दोन यंत्रांच्या स्फटिकांतील फरकामुळे काही मिलिसेकंद इकडेतिकडे क्षम्य.