कॉलेज सुटण्याआधी : आष्टीच्या विद्यार्थ्यांना मदत कुठे मिळते?

वर्धा जिल्ह्यातील आष्टी 16 ऑगस्ट 1942 च्या लढ्यामुळे ‘शहीद आष्टी’ म्हणून ओळखली जाते. त्या हुतात्म्यांमध्ये रशीद खान यांचेही नाव आहे. आज याच तालुक्यातली अनेक मुले-मुली आपल्या घरातले पहिले पदवीधर व्हायला निघाली आहेत. कुणी गावातच शिकते, कुणी आर्वीला, तर कुणी एसटीने वर्धा किंवा अमरावती गाठते. त्यातली काही मध्येच शिक्षण सोडतात. हुशारी कमी पडते असे नाही. फॉर्मची तारीख निघून जाते, शिष्यवृत्ती अडकते, एखादा विषय राहतो आणि सांगायचं कुणाला तेच कळत नाही. अशा वेळी उपयोगी पडणाऱ्या सोयींची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

फी आणि शिष्यवृत्ती

राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. उच्च व व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी वेगळी राज्य शिष्यवृत्ती आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये आहे. मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा अनेक मुस्लिम जाती ओबीसी यादीत आहेत. त्यांनी जातीचे प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयर बारावीतच काढून ठेवावे. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातील, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. पीएचडी करणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की केंद्राची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली आहे. कर्ज हवे असल्यास मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजनेची चौकशी करावी.

आपल्याकडे अर्ज अडकण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे नाव. आधारवर ‘मोहम्मद’, टीसीवर ‘मो.’, मार्कशीटवर ‘मोहंमद’. कुठे ‘शेख’ आधी, तर कुठे शेवटी. माणसाला हे एकच नाव वाटते, संगणकाला नाही. म्हणून प्रवेशाच्या आधीच सगळ्या कागदांवरचे नाव इंग्रजी स्पेलिंगसह जुळवून घ्या. बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, तेही बघा. फॉर्म भरला म्हणजे काम संपले असे नाही. अर्ज पुढे कॉलेजच्या लॉगिनवर तपासला जातो आणि त्रुटी निघाली तर परत येतो. त्यामुळे दर आठवड्याला त्याची स्थिती पाहत राहा.

अभ्यासात अडचण आली तर

वर्धा जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अमरावतीला प्रवेश घेतला की विद्यापीठ बदलते आणि स्थलांतर प्रमाणपत्र लागते. विषय राहिला तर घाबरून घरी बसू नका. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते, पण त्याची मुदत थोड्या दिवसांची असते. निकाल लागताच सूचना वाचा. ‘आमचे मेंटॉर सर किंवा मॅडम कोण?’ हे कॉलेजला पहिल्याच महिन्यात विचारा. नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर व्यवस्थेची माहिती कॉलेजला द्यावी लागते. ग्रंथालयात बुक बँक असेल तर वर्षभरासाठी पुस्तके मिळू शकतात.

तक्रार असेल तर

यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर निर्णय मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा मोफत क्रमांक आहे. मुलींना त्रास झाल्यास 2013 च्या कायद्यानुसार असलेल्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येते.

मनावर ताण असेल तर

ही गोष्ट आपल्याकडे सर्वात जास्त झाकली जाते. मुलगा जेवत नाही, मुलगी खोलीतून बाहेर येत नाही, तर ‘नजर लागली’ म्हणून विषय संपतो. दुआ जरूर करा, पण डॉक्टरांनाही दाखवा. ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात सांगितले आहे, की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे. आपल्या कॉलेजात ही सोय आहे का, हे पालकांनी विचारायला हरकत नाही.

शेवटी एवढेच

तोंडी विचारले की ‘उद्या या’ म्हणतात. म्हणून साध्या कागदावर अर्ज लिहा, पोच घ्या, तारीख टाका आणि एक प्रत घरी ठेवा. आणि मोहल्ल्यातल्या शिकलेल्यांना आमची विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत जुम्याच्या नमाजनंतर एक तास बसा आणि मुलांचे फॉर्म तपासून द्या. नावातली एक चूक तिथेच सापडली, तर कुणाचे तरी पूर्ण वर्ष वाचेल.