चाळीच्या तुळईचं कूळ

गिरगावातली जुनी चाळ पाडायला घेतली की विटा-चुन्याचा राडारोडा ट्रक भरभरून जातो. तुळया, खांब, कडीपाट आणि जिन्याचे कठडे मात्र जपून उतरवले जातात. या सागाला रंधा मारला की शंभरी उलटलेलं लाकूड पुन्हा तजेलदार दिसतं. जाणकार त्याला ‘बर्मा टीक’ म्हणतात. ते आपोआप वाढलेल्या रानातलं. आज लालबागच्या टॉवरात दाराची चौकट सागाची असलीच, तर ती घाना किंवा इक्वेडोरमधल्या लागवडीतली असू शकते. रानातल्या सागाकडून लावलेल्या सागाकडे झालेल्या या प्रवासात मुंबईचा हात मोठा आहे.

जहाजासाठी सागासारखं लाकूड नाही, हे मराठी आरमारालाही ठाऊक होतं आणि त्याची टंचाईही. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात सूचना आहे, ती अशी: रानातला साग परवानगीने तोडावा, कमी पडेल तो परमुलखातून विकत आणावा, आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने वर्षानुवर्षं पोसलेली असतात.

1736 मध्ये जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि गोदीत मलबारच्या सागाची जहाजं उतरू लागली. ब्रिटनमध्ये ओक दुर्मीळ होत चालला तशी शाही आरमाराची मागणीही इथेच आली. 1817 मध्ये मुंबईत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. जहाजांच्या या भुकेपायी मलबारची रानं विरळ झाली. 1806 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन वॉटसनला वनरक्षक नेमलं. लोकांचा स्वतःच्या जमिनीतल्या सागावरचाही हक्क गेला. तक्रारी इतक्या वाढल्या, की 1823 पर्यंत ते पदच रद्द झालं आणि कुऱ्हाडी पुन्हा मोकळ्या सुटल्या.

मग उरला उपाय लागवडीचा. 1840 च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली याने निलंबूरला साग पेरायला घेतला. सागाच्या फळाचं कवच टणक असल्याने बी रुजता रुजेना. कोनोलीच्या हाताखालच्या चातू मेनन यांनी काम हाती घेतलं आणि रोपं उभी राहिली. ब्रह्मदेशात 1856 पासून वनाधिकारी डीट्रिच ब्रँडिसने निराळी वाट काढली: तिथल्या करेन जमातीच्या शेतकऱ्यांनी फिरत्या शेतीत भाताबरोबर सागाच्याही ओळी लावायच्या. या पद्धतीला ‘टाँग्या’ म्हणतात. पण रानातला साग तोडणंही थांबलं नव्हतं. तो तोडणाऱ्या, 1863 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर ओंडके कमी दाखवल्याचा आरोप ठेवून ब्रह्मी दरबाराने जबर दंड ठोठावला. त्याचं निमित्त करून 1885 मध्ये इंग्रजांनी युद्ध पुकारलं आणि ब्रह्मदेशचा थिबा राजा रत्नागिरीला कैदेत आला.

ब्रह्मदेशातलं बी 1913 मध्ये त्रिनिदादला गेलं आणि पुढे मध्य अमेरिकेत पसरलं. 2010 च्या पाहणीत जगात नैसर्गिक सागवनं सुमारे 2 कोटी 90 लाख हेक्टर, तर लावलेला साग सुमारे 43 लाख हेक्टर भरला. त्यातला 17 लाख हेक्टर भारतात. 2014 मध्ये म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाने, ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर लागवडीच्या सागाचं मोल आणखी वाढलं.

जगाच्या हिशेबात मात्र साग किरकोळच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार लावलेली वनं सुमारे 29 कोटी हेक्टर होती, म्हणजे एकूण वनांच्या 7 टक्के. त्यांत पाइन आणि निलगिरीचं राज्य आहे. यांपैकी 13 कोटी हेक्टरांवर मुख्यतः उत्पादनासाठीच्या, एकसुरी लागवडी होत्या. त्यांतल्या 44 टक्क्यांत मुख्य झाड परदेशी होतं. दक्षिण अमेरिकेत तर जवळपास सगळीकडे.

पण एकसुरी लागवडीसाठी परकंच झाड लागतं असं नाही. 1974 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या वनविकास महामंडळाने विदर्भात मिश्र रान काढून साग लावला. ऐन, बिबळा, धावडा, हळदू, तेंदू जिथे एकत्र नांदत होते, तिथे एकाच जातीच्या रांगा आल्या. सरकारी नोंदीत दोन्ही वनच. शिवाय परदेशी लागवडीतला साग पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांतच कापला जातो. एवढ्या वयात पक्कं लाकूड कमी आणि कच्चं जास्त. म्हणून ‘इतके हेक्टर वन वाढलं’ असं कुणी सांगितलं, की दोन गोष्टी विचाराव्यात: तिथे आधी काय होतं, आणि ते किती वर्षं उभं राहू देणार आहात?