फासा सारखा, मग अन्याय कुठला?

फासा सगळ्यांना सारखाच पडतो, मग भांडायचं कशाला? १९७०च्या दशकात अमेरिकेत या प्रश्नावर भरपूर डोकेफोड झाली. नियमपुस्तिका हे इतिहासाचं साधन म्हणून कशी वाचायची, हे त्यातून चांगलं कळतं. म्हणून आज तेच घेऊ.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. एकजण डंजन मास्टर, म्हणजे पंच आणि सूत्रधार दोन्ही. बाकीचे आपापलं एकेक पात्र चालवतात. वार लागला का, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. लागला तर सहा बाजूंच्या फाशावर जेवढे पडतील तेवढी हानी. नवख्या जादूगाराचा जीवसुद्धा असाच सहा बाजूंच्या एका फाशावर ठरलेला. कागदावर मांडून बघा: ३६ पैकी २१ शक्यतांमध्ये तो पहिल्याच फटक्यात गार!

पुढच्याच वर्षी एम. ए. आर. बार्कर यांचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' आला. (हे मिनेसोटा विद्यापीठातले दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक. उर्दू शिकणाऱ्यांना त्यांचं पाठ्यपुस्तक माहीत असेल.) त्यात २० पडला की दुप्पट हानी, आणि पुन्हा टाकलेला फासाही पुरेसा मोठा पडला तर समोरचा जागीच ठार.

१९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्स यांनी दुप्पट हानीच्या कल्पनेला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, खेळाडूंना ही सवलत दिली तर राक्षसांनाही द्यावी लागेल, आणि मग पात्रं टिकणार नाहीत. दोघांनाही सारखाच नियम, तरी तोटा एकालाच? हो, आणि मला हा युक्तिवाद पटतो. २० पडायची शक्यता ५ टक्के. राक्षस एका लढाईपुरता येतो, दोनचार वार झेलतो, संपतो. पात्र मात्र महिनोन्‌महिने चालतं. त्याच्यावर १४ वार झाले की त्यात निदान एक २० असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते.

आता साधन म्हणून बघा. एवढ्या तावातावाने नको म्हणायची वेळ आली, म्हणजे लोक ते करत होते. धर्मशास्त्राचे निबंध वाचणाऱ्यांना ही युक्ती नवी नाही. पण किती टेबलांवर करत होते, ते मनाईवरून ठरवू नका.

मुळात फासा की पंच, हा झगडा या खेळाहून कितीतरी जुना. प्रशियन अधिकारी राइसविट्झ यांनी १८२४ साली युद्धखेळाचे नियम छापले, त्यात हानी फाशांवर आणि तक्त्यांवर ठरे. १८७६ साली फेर्डी दु व्हेर्न्वा यांनी ते सगळं बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या हाती दिला. गायगॅक्स यांनी दोन्ही ठेवलं. त्याच १९७९च्या पुस्तकात, चांगलं खेळलेलं पात्र केवळ वाईट फाशाने मरत असेल तर डंजन मास्टरने निकाल सौम्य करावा, अशी मुभा आहे.

ही मुभा खेळाडूंना न्याय्य वाटायची की फसवणूक? नियमपुस्तिका इथे गप्प बसते. मग 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स'सारखी हौशी नियतकालिकं उघडायची. १९७५पासून निघू लागलेल्या या अंकांत खेळणारेच आपापली पानं लिहून पाठवत, एकमेकांना उत्तरं देत. माझं पुढचं प्रकरण त्यांच्यावर आहे.